आल्फा रोमिओ १५५ आणि १९९४चा ब्रिटिश हंगाम: फसवणूक झाली होती का?

विचारलेला प्रश्न असा: १९९४च्या ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिपमध्ये आल्फा रोमिओने वादग्रस्त विंग (डिकीवरची, हवेच्या जोराने गाडी जमिनीकडे दाबणारी आडवी पट्टी) लावून जेतेपद पळवलं, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ती फसवणूक होती का? आणि विंग नसती, तर आल्फाचा चालक गाब्रिएले टार्क्विनी तरीही विजेता झाला असता का?

फसवणूक अजिबात नव्हती. दुसऱ्या भागाचं उत्तर इतकं सरळ नाही, पण माझ्या मते टार्क्विनी तरीही जिंकला असता. फरक थोडा कमी राहिला असता, इतकंच. शर्यतीच्या गाड्यांची तांत्रिक तपासणी हे माझं अनेक वर्षांचं काम आहे, आणि या हंगामाबद्दल जे लिहिलं जातं त्यात नियमांचा मजकूर काय होता हे क्वचितच सांगितलेलं असतं. वादाचं मूळ त्या मजकुरातच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करायला हवी.

ब्रिटनने १९९१पासून वेगवेगळे गट बंद करून एकच गट ठेवला: दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ८,५००, आणि गाडी रस्त्यावर धावणाऱ्या साध्या गाडीवरून बनवलेली. पुढे यालाच सुपर टूरिंग म्हणू लागले. हे सूत्र इतकं यशस्वी ठरलं की काही वर्षांतच इटली, फ्रान्स, जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया सगळीकडे त्याच नियमांवर स्पर्धा सुरू झाल्या. कंपन्यांना ते आवडण्याचं कारण उघड होतं. शोरूममध्ये उभी असलेली गाडीच रविवारी ट्रॅकवर दिसत होती. १९९४मध्ये ब्रिटनच्या ग्रिडवर, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेत, दहा कंपन्या होत्या: आल्फा रोमिओ, बीएमडब्ल्यू, फोर्ड, माझदा, निस्सान, प्यूजो, रेनो, टोयोटा, व्हॉक्सहॉल आणि व्होल्वो. एका देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेत दहा कारखाने एकमेकांसमोर उभे राहणं ही आज कल्पनाच करता येत नाही अशी गोष्ट आहे.

आता नियमांतला महत्त्वाचा भाग. गाडीचं बाहेरचं रूप रस्त्यावरच्या गाडीसारखंच हवं. स्पर्धेसाठी म्हणून वेगळी विंग किंवा वेगळा स्प्लिटर (पुढच्या बंपरखालची पातळ फळी) बसवता येत नाही. पण तेच भाग जर विक्रीच्या गाडीवर असतील, आणि त्या प्रकारच्या किमान २,५०० गाड्या बनवल्या असतील, तर ते शर्यतीच्या गाडीवरही चालतात. याला होमोलोगेशन म्हणतात. कंपनी गाडीची छायाचित्रं, मापं, भागांचे तपशील असलेली कागदपत्रं सादर करते, ती मंजूर होतात, आणि त्यानंतर तपासणी करणाऱ्याचं काम एकच उरतं: समोरची गाडी त्या कागदांशी जुळते की नाही हे पाहणं. गाडी सुंदर आहे का, तिने इतरांवर अन्याय होतो का, नियम लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे प्रश्न तपासणीच्या शेडमध्ये विचारायचे नसतात. तिथे टेपने मोजतात, टेम्प्लेट लावतात, सपाट फरशीवर गाडीची उंची घेतात आणि कागद उघडून पाहतात.

आल्फाने नेमकं हेच वाचलं आणि तसं वागली. १५५ची एक खास आवृत्ती काढली, ब्रिटनमध्ये तिला सिल्व्हरस्टोन हे तिथल्या ट्रॅकचं नाव दिलं. तिला पुढच्या बंपरखाली पुढे-मागे सरकवता येणारा स्प्लिटर होता आणि डिकीवर विंग होती. ती विंग उंच करण्याचे जादा आधार गाडीसोबत डिकीत ठेवून दिले जात. ग्राहकाने ते लावायचे की नाही, हा त्याचा प्रश्न. रस्त्यावर चालवताना स्प्लिटर आत सरकवलेला आणि विंग खाली. ट्रॅकवर स्प्लिटर पूर्ण बाहेर आणि विंग उंच, स्वच्छ हवेत. बाकीचे नऊ कारखाने असं काही न लावलेल्या गाड्या घेऊन आले होते.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. थ्रक्स्टन, ब्रँड्स हॅच, स्नेटरटन… हंगामाच्या सुरुवातीच्या सलग पाच शर्यती आल्फाने जिंकल्या. लाल गाड्या पुढे आणि मागे सगळे आपसात झगडताहेत, असं चित्र दर शर्यतीला दिसू लागलं. आदल्या वर्षी बीएमडब्ल्यूचा योआखिम विंकलहॉक विजेता होता, फोर्डचा पॉल रॅडिसिच इटलीत मोंझाला झालेल्या टूरिंग कारच्या जागतिक स्पर्धेत जिंकला होता. हे सगळे नावाजलेले लोक अचानक दुसऱ्या क्रमांकासाठी लढू लागले.

तक्रारी आल्या, आणि त्यात फोर्डचा संघ पुढे होता. त्या संघाचा प्रमुख अँडी राऊस म्हणजे चार वेळा ब्रिटिश विजेता राहिलेला माणूस, गाडी चालवणारा आणि बांधणाराही. नियमांचं पुस्तक त्याच्याइतकं कोळून प्यायलेले लोक त्या पॅडॉकमध्ये फार नव्हते, म्हणून त्याच्या हरकतीला वजन होतं. मुद्दा असा मांडला गेला की गाडी विकताना विंग ज्या स्थितीत बसवलेली असते तीच खरी स्थिती. डिकीत खोक्यात दिलेले आधार ‘बसवलेले’ धरता येणार नाहीत. हा मुद्दा निराधार नव्हता. कागदावर एखादा भाग गाडीसोबत दिला जातो असं असणं, आणि तो भाग त्या विशिष्ट जागी वापरण्याची परवानगी असणं, यात फरक करता येतो. मी निर्णय देणाऱ्या समितीवर असतो तर या एका प्रश्नावर मलाही रात्र जागून काढावी लागली असती.

निर्णय आल्फाच्या विरुद्ध गेला. स्नेटरटन आणि सिल्व्हरस्टोनचे गुण काढून घेतले, आणि मे महिन्यात ऊल्टन पार्कला स्प्लिटर आत आणि विंग खाली ठेवूनच धावा असं सांगितलं. आल्फाने नकार दिला. सरावाच्या काही फेऱ्या मारून संघाने गाड्या ट्रकमध्ये चढवल्या आणि सरळ निघून गेला. त्या शनिवार-रविवारी स्पर्धेचा आघाडीवीर ट्रॅकवरच नव्हता. मग प्रकरण आंतरराष्ट्रीय महासंघापर्यंत, म्हणजे एफआयएपर्यंत गेलं आणि तडजोड निघाली: कापलेले गुण परत द्यायचे, आल्फाला १ जुलैपर्यंत जुन्या मांडणीने धावू द्यायचं, त्यानंतर मात्र स्प्लिटर आत आणि विंग खाली.

ही तडजोड नीट पाहिली तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. बेकायदा गाडीला कोणी मुदत देत नाही. इंजिनाची क्षमता दोन लिटरपेक्षा जास्त निघाली, तर ‘पुढच्या महिन्यापर्यंत चालवा’ असं कोणी म्हणेल का? गुण परत दिले याचा अर्थ इतकाच की त्या दिवशी लागू असलेल्या कागदांप्रमाणे गाडी चालत होती, आणि नंतर कागदांचा अर्थ बदलण्यात आला.

खरी बेकायदा गाडी कशी असते ते पाहायचं असेल तर १९८७मध्ये जा. त्या वर्षीच्या जागतिक टूरिंग कार चॅम्पियनशिपच्या पहिल्याच शर्यतीत, मोंझाला, पहिल्या सहा क्रमांकांवर आलेल्या बीएमडब्ल्यू एम३ एकसाथ बाद झाल्या, कारण बॉडीचे पत्रे नियमापेक्षा हलके निघाले. विजय मिळाला सातव्या आलेल्या ऑस्ट्रेलियन होल्डनला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात बाथर्स्टला एगनबर्गर संघाच्या दोन फोर्ड सिएरा पहिल्या-दुसऱ्या आल्या आणि चाकांवरच्या कमानी कागदांशी जुळत नसल्याने नंतर बाद झाल्या. त्या गुणांपायी याच संघाच्या क्लाउस लुडविगचं जागतिक जेतेपद गेलं. बीएमडब्ल्यूचा रोबेर्तो राव्हालिया एका गुणाने पुढे राहिला. या दोन्ही प्रकरणांत गाडी आणि कागद यांच्यात तफावत होती. १९९४च्या आल्फाबाबत अशी तफावत कोणालाच दाखवता आली नाही. वाद फक्त कागद कसा वाचायचा यावर होता.

आल्फाने केलं ते नवीनही नव्हतं. ऐंशीच्या दशकात टूरिंग कारच्या ग्रुप ए नावाच्या नियमांत ५,००० गाड्या बनवल्यावर आणखी ५०० गाड्यांची सुधारित आवृत्ती काढता येत असे, आणि त्यातून काय काय निघालं ते आठवा. फोर्ड सिएरा आरएस५००मध्ये इंजिनावर इंजेक्टरांचा दुसरा संच बसवलेला असे. रस्त्यावर तो चालूच नसायचा, शर्यतीत मात्र त्यातून पेट्रोल जायचं. मर्सिडीज १९० ईच्या दुसऱ्या इव्होल्यूशनची ती प्रचंड विंग, जिचे कोन बदलता येत. बीएमडब्ल्यू एम३च्या स्पोर्ट इव्होल्यूशनला पुढचा स्प्लिटर आणि मागची विंग दोन्ही सरकवता येत. ग्राहकाला निरुपयोगी, शर्यतीला अमूल्य असे भाग विक्रीच्या गाडीवर चढवणं ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. आणि ज्या बीएमडब्ल्यूला आल्फाचा त्रास होत होता, तिनेच त्याच सुमारास ३१८आयएसची अशीच चार दारांची, सरकत्या स्प्लिटरची आणि विंगची मर्यादित आवृत्ती काढली. अन्याय झाला असं खरंच वाटत होतं, तर हीच गोष्ट स्वतः करायची गरज पडली नसती.

मला त्या हंगामात ज्या गोष्टीचा खरा राग येतो ती वेगळी आहे. नियम हंगामाच्या मध्यात बदलला. कंपन्या हिवाळ्यात निर्णय घेतात, साचे बनवतात, २,५०० गाड्यांचं उत्पादन लावतात, कोट्यवधी खर्च करतात, ते त्या दिवशीच्या पुस्तकावर विश्वास ठेवून. पुस्तकात चूक असेल तर ती पुढच्या वर्षी दुरुस्त करावी. आयोजकांची अडचण मला कळते. दहापैकी नऊ कारखाने नाराज होऊन निघून गेले असते तर स्पर्धाच उरली नसती, टीव्हीवर शर्यती दाखवणाऱ्या बीबीसीला काय सांगणार होते? तरीही जो कागद तुम्ही स्वतः मंजूर केला तो एप्रिलमध्ये एक आणि जुलैमध्ये दुसरं बोलतो, हे तपासणी करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. उद्या कुठलाही संघ शेडमध्ये येऊन म्हणेल, ‘आज कुठला अर्थ चालू आहे?’

आता दुसऱ्या भागाकडे, कारण इथे बरीच सैल विधानं केली जातात.

विंगचा फायदा किती होता हे समजायचं तर हवेचा दाब कसा वाढतो ते लक्षात घ्या. गाडीला जमिनीकडे दाबणारं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ताशी १०० किलोमीटरला जे बल मिळतं त्याच्या चौपट २००ला. म्हणजे हळू वळणांवर विंग जवळपास शोभेची, वेगवान वळणांवर मात्र सोन्याची. आणि आल्फासारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढचा स्प्लिटर विशेष लागतो. तिचे पुढचे टायर गाडी ओढतात, वळवतात आणि ब्रेकिंगचा मोठा भारही तेच घेतात. त्यांच्यावर थोडा जादा दाब आला की चालकाला वळणात लवकर थ्रॉटल देता येतो. पण नुसता स्प्लिटर लावला तर मागची बाजू हलकी पडते आणि वेगवान वळणात गाडीची शेपूट सुटायला लागते. तिला धरून ठेवायला मागची विंग. म्हणूनच आल्फाला दोन्ही हवे होते. वादात विंगची चर्चा जास्त झाली कारण ती दिसते, पण चालकाला विचाराल तर तो स्प्लिटरबद्दल जास्त बोलेल.

या हिशेबाने थ्रक्स्टनला आल्फा जिंकणं समजू शकतं. जुन्या विमानतळावर बनलेला तो जेमतेम पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक ब्रिटनमधला सगळ्यात वेगवान. मागच्या बाजूची लांब, उघडी, पूर्ण वेगातली वळणं, आणि चर्च हे वळण तर धाडसाची परीक्षाच. तिथे दाबाचा पुरेपूर उपयोग होतो.

पण ब्रँड्स हॅचचा इंडी ट्रॅक? जेमतेम १.९ किलोमीटर, पॅडक हिलचा उतार सोडला तर वेग घेऊन जाण्यासारखं फारसं काही नाही, ड्रुइड्सचं वळण तर अगदी हेअरपिन. तिथेही आल्फाच जिंकली, दोन्ही शर्यती. इथे विंगने फार तर थोडी मदत केली असेल. जो विजय विंगशिवाय शक्य नव्हता असं म्हणतात, तो इथे दुसऱ्याच कारणांनी आला होता. हा एक मुद्दा बहुतेक लोक विसरतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात बोलका आहे.

ती कारणं कोणती? पहिलं, आल्फा कोर्से. हा कारखान्याचा स्वतःचा संघ होता, जॉर्जो पियांताच्या हाताखालचा, आणि त्यातली बरीच माणसं लॅन्शियाच्या रॅली विभागाच्या परंपरेतून आलेली. १९९३मध्ये याच लोकांनी १५५ व्ही६ टीआय घेऊन जर्मनीच्या डीटीएम या टूरिंग कार स्पर्धेत उडी मारली आणि निकोला लारिनीने पहिल्याच वर्षी मर्सिडीजच्या घरच्या अंगणात जेतेपद घेतलं. ती गाडी दोन लिटरच्या गाडीपेक्षा पूर्ण वेगळी होती, चारही चाकांवर चालणारी. पण ती बांधताना सस्पेन्शन, बॉडीची ताकद, गाडीच्या वजनाची मांडणी यांबद्दल जे कळलं ते फुकट गेलं नाही. बाकीचे ब्रिटिश संघ हुशार होते, मेहनती होते, पण बहुतेक जण कंपनीकडून पैसे घेऊन काम करणारे स्वतंत्र कारागीर होते. आल्फा सगळं सैन्य घेऊन आली होती.

दुसरं, टार्क्विनी स्वतः. १९६२ साली अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावरच्या जुलिआनोव्हात जन्मलेला हा माणूस फॉर्म्युला वनमध्ये कोलोनी, एजीएस, फोंडमेटाल अशा मागच्या रांगेतल्या संघांकडून धावला. अशा गाड्या चालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की येते: जी गाडी हातात आहे तिच्यातून जास्तीत जास्त काढायचं आणि ती शेवटपर्यंत न्यायची. ब्रिटिश ट्रॅक त्याला जवळपास सगळे नवे होते. तरी पहिल्या शनिवारपासून तो वेगात होता. नंतर त्याने काय केलं तेही पाहा. २००३मध्ये आल्फा १५६ घेऊन युरोपियन विजेता, २००९मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी सीट या स्पॅनिश कंपनीकडून जागतिक विजेता, आणि २०१८मध्ये ५६व्या वर्षी ह्युंदाईकडून डब्ल्यूटीसीआर या जागतिक टूरिंग कार स्पर्धेचा विजेता. या तिन्ही जेतेपदांत विंगबाबत सगळ्यांना एकच नियम होता.

तिसरं कारण म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची परिस्थिती. रेनोची लगुना अगदी नवी होती, पहिल्याच वर्षी ट्रॅकवर आलेली. आलँ मेन्यूने तिच्यातून दुसरा क्रमांक काढला ही खरंतर त्या हंगामातली एक मोठी कामगिरी आहे. रॅडिसिचची मोंडिओ वेगवान होती, तो तिसरा आला. जॉन क्लेलंडची कॅव्हेलियर जुनी झाली होती. बीएमडब्ल्यूला मागच्या चाकांवर चालण्याचा फायदा होता, म्हणून नियमाने तिच्यावर जादा वजन टाकलं होतं; विंकलहॉक आणि स्टीव्ह सोपर यांना त्या ओझ्यासकट झगडावं लागलं. माझदाने तर पैशांअभावी हंगामाच्या मध्यातच माघार घेतली.

आणि मग गुणांचा हिशेब, जो कुणी करत नाही. पहिल्याला २४, दुसऱ्याला १८, तिसऱ्याला १२, मग १०, ८, ६, ४, ३, २, १. समजा आल्फाचा एक चालक पाच शर्यती जिंकला, १२० गुण. त्याच पाच शर्यतींत एकच प्रतिस्पर्धी कायम दुसरा आला असता तर त्याचे ९० झाले असते, फरक फक्त ३० गुणांचा, सव्वा विजयाइतका. हा फरक २१ शर्यतींच्या हंगामात सहज भरून निघतो. पण दहा कारखान्यांच्या ग्रिडवर कोणीही कायम दुसरा येत नव्हता. आज मेन्यू, उद्या क्लेलंड, परवा रॅडिसिच किंवा सोपर. मागच्यांनी एकमेकांचेच गुण खाल्ले. त्यामुळे टार्क्विनीची आघाडी त्याच्या वेगामुळे जितकी वाढली, जवळपास तितकीच मागच्या गर्दीमुळे वाढली. विंग नसती तर त्याचे काही विजय दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकात बदलले असते. पण ते गुण कोणा एकाच प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात गेले नसते.

१ जुलैनंतर आल्फाचा दबदबा ओसरला हे खरं. सिल्व्हरस्टोनसारख्या वेगवान ट्रॅकवर गाडी पूर्वीसारखी सुसाट नव्हती. स्कॉटलंडमध्ये नॉकहिलला टार्क्विनीची गाडी धडकेनंतर गडगडत उलटली. त्या वर्षातला सगळ्यात भयानक अपघात. तरीही हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर आठ विजय होते आणि तो आरामात पुढे होता. हंगामाचा जवळपास अर्धा भाग तो स्प्लिटर आत आणि विंग खाली ठेवून धावला आणि त्या अर्ध्या भागात कोणालाही त्याची आघाडी पुसता आली नाही. विंगनेच जेतेपद दिलं असतं, तर जुलैनंतर कोणीतरी त्याला गाठलं असतं.

याच्या विरुद्ध जाणारा एक पुरावा आहे आणि तो दडवणं योग्य नाही. १९९५मध्ये नियम बदलून सगळ्यांनाच ठरावीक मापातला स्प्लिटर आणि विंग लावायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी आल्फा पार कोसळली. डेरेक वॉरविकसारखा नावाजलेला फॉर्म्युला वन चालक असूनही गाड्या मधल्या रांगेत अडकल्या, आणि जेतेपद गेलं क्लेलंडच्या कॅव्हेलियरकडे, तीच ‘जुनी’ गाडी. टीकाकार म्हणतात: बघा, फायदा काढून घेतला आणि आल्फा उघडी पडली. मला यात अर्धंच सत्य दिसतं. १९९५मध्ये ब्रिटनमधला संघ कारखान्याने स्वतः चालवला नाही, तो प्रॉड्राइव्ह या ब्रिटिश संघाकडे दिला. टार्क्विनी हंगामाच्या सुरुवातीला तिथे नव्हता, मध्येच परत आला. आणि सगळ्यांना विंग मिळाल्यावर स्पर्धा ‘विंग आहे की नाही’ यावरून ‘कोणाची विंग जास्त नीट काम करते’ यावर गेली. त्यासाठी विंड टनेलमध्ये, म्हणजे गाडीवर वारा सोडून चाचणी घेतात त्या बोगद्यात, तास घालवावे लागतात. रेनोने त्या वर्षी विल्यम्सला सोबत घेतलं, म्हणजे फॉर्म्युला वनचे विंड टनेल आणि तिथले इंजिनिअर टूरिंग कारला लागले. आल्फाची गाडी तोवर कालची झाली होती. मागे पडलेली गाडी हरली म्हणून तिचं आदल्या वर्षीचं यश बनावट ठरत नाही.

व्होल्वोची गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे, कारण हाच नियमबदल तिच्यावर सगळ्यात विचित्र पद्धतीने आदळला. १९९४मध्ये व्होल्वोने टॉम वॉकिन्शॉच्या टीडब्ल्यूआर संघासोबत चक्क ८५० इस्टेट, म्हणजे मागे लांबलचक सामानाची जागा असलेली गाडी शर्यतीत उतरवली. रिकार्ड रिडेल आणि यान लॅमर्स ती चालवत. लोकांनी चेष्टा केली तेव्हा एकदा संघाने मागच्या काचेत भुसा भरलेला मोठा कुत्रा बसवून फेरी मारली. निकालांच्या दृष्टीने हंगाम साधाच गेला. सगळ्यात चांगला क्रमांक पाचवा. पण अभियांत्रिकीच्या दृष्टीने ती गाडी वाटते तितकी वेडगळ नव्हती, पाच सिलिंडरचं इंजिन खूप खाली आणि मागे सरकवलेलं होतं. १९९५ला विंगची परवानगी आली आणि इस्टेटच्या छपरामागे विंगला स्वच्छ हवाच मिळेना. व्होल्वोने गुपचूप सेडान आणली, आणि रिडेल एकदम पोल पोझिशनचा, म्हणजे सुरुवातीच्या रांगेतल्या पहिल्या जागेचा, राजा झाला. डिकीतल्या एका खोक्यातून निघालेल्या आधारांमुळे दुसऱ्याच कंपनीची इस्टेट ट्रॅकवरून गेली, हा धागा मला त्या काळाबद्दल सगळ्यात रंजक वाटतो.

खर्चाचंही इथूनच सुरू झालं. विंग, मग विंड टनेल, मग फॉर्म्युला वनचे संघ, मग दरवर्षी नवी गाडी. २०००च्या शेवटच्या सुपर टूरिंग हंगामात ब्रिटनमध्ये फोर्ड, होंडा आणि व्हॉक्सहॉल हे तीनच कारखाने उरले. काही जण याचं खापर आल्फाच्या माथी फोडतात. मला ते पटत नाही. खर्च वाढला तो १९९५च्या निर्णयामुळे. सगळ्यांना विंग देण्याऐवजी सगळ्यांकडून काढून घेता आली असती. होमोलोगेशनची एक ओळ नीट लिहिली असती की पुरे होतं: ‘ग्राहकाला गाडी देताना ज्या स्थितीत भाग बसवलेला असेल, तीच एकमेव स्थिती.’ आयोजकांनी दुसरा मार्ग निवडला, कारण विंग लावलेल्या गाड्या दिसायला भारी होत्या आणि कंपन्यांना त्याच हव्या होत्या.

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल, तर जुन्या चित्रफितींमधून दोन शर्यती शेजारी लावा: एप्रिलमधली ब्रँड्स हॅच इंडीची आणि जुलैमधली सिल्व्हरस्टोनची. पहिलीत ड्रुइड्समधून बाहेर पडताना आल्फा किती लवकर पूर्ण थ्रॉटलवर जाते ते पाहा. तो वेग हवेच्या दाबाचा नाही, सस्पेन्शन आणि डिफरन्शियलचा (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या भागाचा) आहे. दुसरीत कॉप्सच्या वळणात टार्क्विनीचे हात पाहा. मागची बाजू हलकी झाल्याने स्टिअरिंगला सतत छोटे छोटे धक्के द्यावे लागतात, जे थ्रक्स्टनला दिसत नव्हते. विंगने काय दिलं होतं आणि काय दिलं नव्हतं, हे त्या दोन वळणांत कोणत्याही तक्त्यापेक्षा स्पष्ट दिसतं.